जुना ब्लॅक अँड व्हाइट रोल 'फॉग' झालाय? धुण्याआधी हे वाचा

घरातल्या कपाटात फोटो काढलेला, पण कधीच न धुतलेला रोल सापडला, तर टाकून देऊ नका. फोटो मिळण्याची शक्यता असते. मात्र रोल एकदाच धुता येतो.

फॉग म्हणजे काय?
फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. वय, उष्णता आणि दमटपणामुळे प्रकाश न पडलेले कणही काळे होऊ लागतात. मग सगळी फिल्म करडी दिसते आणि चित्र त्यात बुडतं. तेच फॉग.

कोल्हापुरात धोका का?
बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' (१९२०) या शहरात घडला, 'प्रभात' १९२९ मध्ये इथेच सुरू झाली. फिल्मशी इतकं जुनं नातं असलेल्या या शहराचा पावसाळा मात्र फिल्मला मानवत नाही. त्यात २०१९ आणि २०२१ चे महापूर. पुरात भिजलेला रोल अजून ओला असेल, तर सुकवू नका. थर एकमेकांना चिकटतात. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून लगेच धुवायला द्या.

धुताना काय करावं?
• आधी तुकडा तपासा. पूर्ण अंधारात रोलचा लहान तुकडा कापून धुवा. एखादी फ्रेम जाईल, पण बाकीच्या वाचतील. छिद्रांजवळची कडा किती करडी झाली, त्यावरून फॉग कळतो.
• डेव्हलपर. जुन्या फिल्मसाठी अनेक जण एचसी-११० वापरतात, कारण त्यात फॉग कमी येतो.
• बेंझोट्रायझोल. हे रसायन फॉग रोखतं. त्याचं १ टक्का द्रावण लिटरमागे ५ ते १० मिलिलीटर पुरतं. जास्त घातलं तर पुसट चित्रही दबतं.
• तापमान २० अंश. उन्हाळ्यात नळाचं पाणी याहून गरम असतं. रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा.
• वेळ फार वाढवू नका. चित्राबरोबर फॉगही वाढतो.

धुतल्यावरही फिल्म धूसर दिसते?
दुधाळ दिसत असेल, तर बहुधा फिक्सर कमी पडला आहे. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवा, ती स्वच्छ होईल. सारखी करडी असेल तर तो फॉग. पण चांगल्या स्कॅनरने त्यामागचं चित्र बरंचसं बाहेर काढता येतं. कॅमेऱ्यात प्रकाश शिरून पडलेले काळे पट्टे मात्र जात नाहीत, कारण ती चांदी आणि चित्राची चांदी एकच.

फॉग उतरवणारं 'फार्मर रिड्यूसर' नावाचं द्रावणही आहे. पण ते सावलीतले बारकावे आधी खातं. म्हणून स्कॅन केल्याशिवाय ते वापरू नका.