बेडूकडोळ्या गाडीचे दुसरे आयुष्य

१/ मे १९५८. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने मोनॅकोत ‘ऑस्टिन-हीली स्प्राइट’ ही चिमुकली, दोन आसनी स्पोर्ट्स कार सादर केली. बॉनेटवरील बटबटीत दिव्यांमुळे ब्रिटनमध्ये तिचे नाव पडले ‘फ्रॉगआय’.

२/ स्वस्ताई हे तिचे मूळ सूत्र. ९४८ सीसीचे ए-सीरीज इंजिन ऑस्टिन ए३५च्या घराण्यातले, स्टिअरिंग मॉरिस मायनरचे. डिकीला बाहेरून झाकणही नव्हते. सामान आसनांमागून आत सरकवावे लागे.

३/ ही काटकसरच पुढे संजीवनी ठरली. तेच इंजिन वाढत १२७५ सीसीपर्यंत गेले. १९६२ मध्ये नव्या स्प्राइटला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक मिळाले. त्यामुळे धाकटीचे इंजिन आणि ब्रेक थोरलीला बसवता येऊ लागले.

४/ काही बदल हौसेचे नव्हेत. शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटची झीज रोखत असे. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० साली थांबली. मग सिलिंडर हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवणे आले.

५/ खरा शत्रू मात्र गंज. या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा आणि दाराखालचा पत्राच भार पेलतो. तो कुजला, तर ताकदवान इंजिन व्यर्थ.

६/ मग ‘अस्सल’ काय? हस्तलिखिताच्या समासातील उत्तरकालीन नोंदीही इतिहासकाराला पुरावाच असतात. अट एकच: मूळ मजकूर खोडू नये. म्हणून काढलेला प्रत्येक भाग जपावा, केलेला प्रत्येक बदल नोंदवावा. बंद गॅरेजमधली अस्पर्श गाडी तिच्या जन्माची साक्ष देते. रस्त्यावरची गाडी तिच्या आयुष्याची.