होल्याची शिकार आणि 'बॅग लिमिट': अमेरिकेतील एका मर्यादेचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत सप्टेंबरच्या सुरुवातीला मित्रमंडळी कापणी झालेल्या शेतांच्या कडेला बसून होल्यांची शिकार करतात. कोणी किती पक्षी मारावेत हे मात्र कायद्याने ठरलेले असते. एका शिकाऱ्याने एका दिवसात जास्तीत जास्त किती पक्षी घ्यावेत, या मर्यादेला 'बॅग लिमिट' म्हणतात. होल्यांसाठी संघराज्याने घातलेली कमाल मर्यादा सध्या दिवसाला १५ आहे. हा आकडा कसा शक्य झाला हे समजण्यासाठी रानपाखरे कोणाच्या मालकीची, हा जुना वाद पाहावा लागतो.

मर्यादेची गरज का पडली?

एकोणिसाव्या शतकात 'पॅसेंजर पिजन' या रानकबुतरांचे थवे आकाश झाकून टाकत. त्यांची संख्या अब्जावधींत होती. तारायंत्रामुळे थव्यांचा ठावठिकाणा लगेच कळू लागला आणि रेल्वेमुळे मारलेली कबुतरे शहरांच्या बाजारात पोहोचू लागली. १८७८ मध्ये मिशिगनमधील पेटोस्की येथे वीणीच्या जागीच प्रचंड संहार झाला. त्याच वर्षी आयोवा राज्याने काही शिकारी पक्ष्यांसाठी दिवसाला २५ ही मर्यादा घातली. अशा मर्यादांचे हे सर्वांत जुने उदाहरण मानले जाते. रानकबुतर मात्र वाचले नाही. या जातीची शेवटची मादी 'मार्था' १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

राज्य की संघराज्य?

स्थलांतर करणारा पक्षी राज्याची सीमा मानत नाही. एका राज्याने संयम पाळला तरी शेजारचे राज्य त्याचा फायदा घेई. १९००च्या लेसी कायद्याने राज्याचा नियम मोडून मारलेल्या पक्ष्यांच्या आंतरराज्य वाहतुकीवर बंदी घातली. १९१३ मध्ये संघराज्याने स्थलांतरित पक्ष्यांची शिकार थेट नियंत्रित करणारा कायदा केला, पण कनिष्ठ न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला. तेव्हा सरकारने दुसरा मार्ग धरला. १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला आणि १९१८ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा कायदा आला. मिसुरी राज्याने त्याला आव्हान दिले. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. करारानुसार १० मार्च ते १ सप्टेंबर हा बंदीचा काळ आहे. होल्यांचा हंगाम १ सप्टेंबरच्या आधी सुरू होत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

मर्यादा व्यक्तीची, टोळीची नव्हे

चार मित्र एकत्र गेले म्हणजे ६० पक्ष्यांचा सामाईक हिशेब होत नाही. चांगल्या नेमबाजाने स्वतःचे १५ झाल्यावर मित्राच्या वाट्याचे पक्षी पाडणे हा गुन्हा आहे. पक्षी दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायचे तर शिकाऱ्याची सही, पत्ता, संख्या आणि तारीख असलेली चिठ्ठी लागते. पाडलेला पक्षी शोधण्याचा रास्त प्रयत्न करणेही बंधनकारक आहे.

दुसरी बाजू

हे नियम सर्वांना सारखे लागू झाले नाहीत. दोष मुख्यतः बाजारासाठी मारणाऱ्यांवर ठेवला गेला; हौशी शिकारी संरक्षक ठरले. १९०९ मध्ये पेनसिल्व्हेनियाने नागरिक नसलेल्या स्थलांतरितांना शिकार करण्यास आणि बंदूक बाळगण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने १९१४ मध्ये ती मान्य केली. संवर्धनाच्या नावाने गरिबाच्या ताटातले मांस काढले गेले, हेही या इतिहासात नोंदवले पाहिजे.

भारताशी तुलना

भारतात १९१२च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत कबुतरे होती. त्याचा भर बंदीच्या हंगामावर होता. तरीही १९३८ मध्ये भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी ४,२७३ पक्षी मारले गेले. पुढे १९७२चा कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांमुळे अनुसूचित वन्यजीवांच्या शिकारीवर सरसकट बंदी आली. अमेरिकेने शिकार मोजून चालू ठेवली, तर भारताने ती बंद केली.

निष्कर्ष

बॅग लिमिट दोन गोष्टी सांगते: पक्षी कोणा एकाचा नाही, आणि विपुलता ही कायमची हमी नाही. परंतु मर्यादा कोण ठरवतो आणि तिची झळ कोणाला बसते, हे तपासल्याशिवाय संवर्धनाचा इतिहास पूर्ण होत नाही.

अभ्यासप्रश्न

१. १९१३चा कायदा टिकला नाही आणि १९१८चा टिकला, याची कारणे स्पष्ट करा.
२. मर्यादित शिकार आणि संपूर्ण बंदी या धोरणांची तुलना करा.