न्हाणीमागची बाग

१९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा. आमच्या माणदेशात पाऊस आधीच बेताचा, त्या साली तोही फिरकला नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. खायला लाल मिलो न् सुकडी. पिण्याचं पाणी कोसावरून.

तशात आईनं न्हाणीमागं शेवग्याची फांदी रोवली. आजी करवादली, "माणसाला पाणी न्हाई, अन् झाडं लावतीस?"

"घागरीतलं न्हाई घालत, आत्याबाई. सांडलेलंच हाय."

बुडाशी जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. त्यात अंघोळीचं, राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी गाळून ओतायचं, वर खापरी झाकायची. पाणी झिरपत मुळाशी जाई, उन्हाच्या हाती लागत नसे. आळ्यात पालापाचोळा. दुसऱ्या वर्षी शेंगा खाल्ल्या, आजीनंही.

पुढं बोअर झाली. मी डाळिंबाला पाटानं पाणी सोडलं, मडकी विसरलो. २०१२-१३ ला बोअर आटली. डाळिंबं वाळू लागली, न्हाणीमागं मात्र त्या शेवग्याच्याच फांदीचं झाड हिरवं. आई तेव्हा नव्हती. कुंभाराकडनं चाळीस मडकी आणून डाळिंबांशेजारी पुरली. एकतीस झाडं वाचली. बाकीच्यांना उशीर झाला होता; तो माझा.