निर्वासितांची दिल्ली : मनाच्या पुनर्वसनाचा इतिहास

दिल्लीचा इतिहास म्हटला की किल्ले, मकबरे आणि तख्तांची उलथापालथ डोळ्यांपुढे येते. परंतु आज आपण ज्या दिल्लीत राहतो तिचा मोठा भाग निर्वासितांनी वसविलेला आहे, याचा नोकरीनिमित्त येथे आलेल्या आम्हां मराठी मंडळींना सहसा विसर पडतो. १९४१ साली दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती. १९५१ मध्ये ती १७ लाखांवर गेली. फाळणीनंतर जवळजवळ ५ लाख निर्वासित येथे आले आणि सुमारे ३ लाख मुसलमान येथून निघून गेले. कल्याणच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले, तसे येथे किंग्जवे कॅम्पच्या तंबूंतून एक नवे शहर उभे राहिले.

सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्रात पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते निघाले. शिधा, कर्ज, भूखंड, मालमत्तेचे दावे यांचा हिशेब त्याने ठेवला. सरकारी कागदांत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस ठाऊक आहे की, जे मोजता येते तेच फाईलीत उतरते. गमावलेल्या घराची नोंद दाव्यात झाली. गमावलेल्या झोपेची कोठे करावयाची? मनोरुग्णांचा विचार झाला तो वाटणीपुरता. १९५० साली लाहोरच्या मनोरुग्णालयातील हिंदू व शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले आणि इकडील मुसलमान रुग्ण तिकडे गेले. फाळणीच्या मानसिक परिणामांवर डॉ. संजीव जैन व डॉ. आलोक सरीन या मानसोपचारतज्ज्ञांनी संपादिलेला ग्रंथ निघाला तो २०१८ साली, म्हणजे तब्बल ७० वर्षांनी!

मग ही माणसे सावरली कशी? पहिला आधार कामाचा. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये निघालेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने छत्तरपूर येथे निर्वासितांची सहकारी शेती उभारली. फरिदाबादेत वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी स्वतःची घरे स्वतःच्या हातांनी बांधली. भिक्षेचा हात कष्टाचा झाला की मान ताठ होते, हे त्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

दुसरा आधार समदुःखी माणसांचा. अनीस किदवई यांचे पती ऑक्टोबर १९४७ मध्ये मसुरीस मारले गेले. त्या दुःखात त्या दिल्लीस गांधीजींकडे आल्या आणि पुराना किल्ला व हुमायूनच्या मकबऱ्यातील मुसलमान निर्वासितांच्या सेवेस लागल्या. सेवा घेणारा आणि देणारा, दोघेही एकाच आगीत पोळलेले होते.

तिसरा आधार आठवणींचा. गुजरांवाला टाऊन, डेरावाल नगर, मियांवाली नगर ही नुसती वसाहतींची नावे नव्हेत. हरवलेले गाव निदान पत्त्यात तरी उरावे, ही त्यांमागील ओढ आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांच्या वसाहतीसही, चित्तरंजन पार्कलाही, कालीमंदिराने आणि दुर्गापूजेने घरपण दिले.

परंतु हे चित्र एकरंगी नाही. पळवून नेलेल्या स्त्रिया परत आणल्या गेल्या, तेव्हा त्यांतील कित्येकींना त्यांच्याच घरांनी दार बंद केले. समाज जसा सावरतो, तसा तो गप्पही बसवितो. १९८४ मध्ये याच शहरात शिखांचे शिरकाण झाले. फाळणीत एकदा उखडलेल्या कित्येक घरांवर दुसऱ्यांदा आघात झाला आणि टिळक विहारात विधवांची वसाहत वसली. सोबतीला न्यायाची जोड नसेल तर जखम भरत नाही, हेच त्या वसाहतीने दाखविले.

आम्ही येथे आलो ते बदलीच्या आदेशाने. कोणी आम्हांस हाकलले नव्हते. तरीही परक्या मुलखात मायबोलीचे चार शब्द कानी पडावेत म्हणून आम्हांस मंडळाची गरज भासली. मग ज्यांचे गावच नाहीसे झाले त्यांची गरज केवढी असेल! आज भोगल आणि लाजपत नगरात अफगाण, तर मजनू का टीला येथे तिबेटी कुटुंबे राहतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळाचे दार त्यांच्यासाठीही किलकिले राहिले, तर पन्नास वर्षांच्या सहवासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.