चुलीपासून ओट्यापर्यंत : जुन्या घरातील स्वयंपाकघर कसे बदलले?

१/ राहाता तालुक्यातील पुणतांबा हे गोदावरीच्या उजव्या तीरावरील जुने गाव. योगी चांगदेवांची समाधी येथे आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेला घाट येथे आहे, आणि १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाचा आरंभही येथूनच झाला. या धाग्यात मात्र या गावाच्या निमित्ताने अशा एका खोलीचा इतिहास पाहू, जिची नोंद बखरीत सापडत नाही. ती खोली म्हणजे जुन्या घरातील स्वयंपाकघर. चूल काढून ओटा बांधणे, हा महाराष्ट्राच्या घरगुती जीवनातील एक मोठा बदल आहे. तो कशामुळे झाला?

२/ आरंभ चांगदेवांपासूनच करता येतो. त्यांच्या गुरू मुक्ताबाई. मुक्ताबाईंची सर्वांत लोकप्रिय आख्यायिका स्वयंपाकाचीच आहे. त्यांना मांडे भाजायचे होते. पण विसोबा चाटी यांनी कुंभारांना ताकीद दिली की, संन्याशाच्या या मुलांना खापर देऊ नये. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि मुक्ताबाईंनी तिच्यावर मांडे भाजले, अशी ती कथा. चमत्कार बाजूला ठेवला, तरी कथेने गृहीत धरलेली समाजस्थिती महत्त्वाची आहे : कुंभाराने खापर नाकारले की घरची चूल अडते. एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचे, तर त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावे लागे.

३/ जुन्या वाड्याची रचना पाहिली, तर स्वयंपाकघर सर्वांत आत असे. ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराने परस व आड. पाहुण्याची पायरी ओसरीवर थांबे. आप्त माजघरापर्यंत येत. खोली अंधारी, भिंतीत कोनाडे व फडताळ, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आढ्याला शिंकाळे, दाराशी रांजण. अर्थात ही वाड्याची गोष्ट झाली. गावकुसाबाहेरच्या वस्तीत आणि बहुसंख्य कष्टकऱ्यांच्या घरांत स्वयंपाकघर नावाची निराळी खोलीच नसे. एकाच खोलीच्या कोपऱ्यात, नाही तर दारात, चूल पेटे.

४/ ही चूल कोण बांधत असे? घराच्या भिंती गवंड्याने घातलेल्या, तुळया सुताराने बसविलेल्या. पण चूल मात्र घरच्या स्त्रीच्या हातची. मऊ माती भिजवायची, तीत भुसा वा शेण मिसळून तुडवायची, आणि आपल्या घरच्या भांड्यांच्या बुडाच्या बेताने तोंड ठेवायचे. शेजारी दुसऱ्या भांड्यासाठी वैल, मागे गरम भांडी ठेवायला भाणवस. रोज पोतेरे, अधूनमधून सारवण, आणि चूल खचली की नव्याने घालणे. म्हणजे स्वयंपाकघराचे नूतनीकरण ही एरव्ही न संपणारी क्रिया होती. तिच्यात रोख पैसा लागत नसे आणि परवानगीही.

५/ चूल जमिनीवरच का असे? रूढी हे त्याचे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे इंधनात आहे. या भागातील सरपण म्हणजे बाभळीची लाकडे, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, ज्वारीची धसकटे, गोवऱ्या आणि उसाचे पट्टे वाढल्यावर पाचट. लांब काटक्या चुलीबाहेर जमिनीवर टेकवून हळूहळू आत सारायच्या असतात. राख ओढायची, निखारे बाजूला काढून त्यांवर भाकरी फुगवायची, फुंकणीने जाळ धरायचा. ही सर्व कामे बसूनच होतात. पाटा-वरवंटा, जाते, काठवट यांनाही बसूनच अंगाचा जोर लावावा लागे. एकूण, चूल खाली होती म्हणून सारे स्वयंपाकघरच खाली होते.

६/ या व्यवस्थेचे मोल डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी चुकविले. धाब्याच्या घरात धूर जायला छतातील झरोका, वाड्यात फार तर धुराडे. पावसाळ्यात ओले सरपण आणि झाकलेला झरोका एकत्र आले, की खोलीत बसणे कठीण होई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती इंधनाच्या धुराशी निगडित मृत्यूंची जगभरातील संख्या सुमारे ३२ लाख होती. जुन्या वाड्याच्या काळ्या तुळया आज छायाचित्रांत देखण्या दिसतात. तीच काजळी श्वासावाटे कुणाच्या तरी शरीरातही गेलेली असते, हे विसरता येत नाही.

७/ दुसरी भिंत सोवळ्याची. ब्राह्मणी घरांत चुलीपाशी कोणी जावे, कोणत्या वस्त्रात जावे, पाणी कोणी भरावे, याचे काटेकोर नियम असत. पुणतांब्याच्याच लोहमार्गावरील राहुरी आणि नगर येथे वास्तव्य केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये याचे मोठे प्रांजळ दर्शन घडते. १८९५ साली ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, तेव्हा आरंभी त्यांचे सोवळ्याचे स्वयंपाकपाणी निराळेच होते. संसार एक झाला, तरी चूल एक व्हायला अवधी लागला. जातीची शेवटची तटबंदी स्वयंपाकघरात असते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

८/ बदलाची पहिली चाहूल रुळांवरून आली. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली खुला झाला आणि पुणतांबा त्यावरील स्थानक बनले. मातीच्या तेलाला मराठीने दोन नावे दिली : ‘रॉक ऑइल’वरून रॉकेल आणि ‘गॅसलाइट’वरून घासलेट. त्याचा पत्र्याचा डबा रिकामा झाला, की धान्य व पीठ ठेवण्याच्या कामी येई. उतरंडीतील मडक्यांना असा पहिला प्रतिस्पर्धी मिळाला. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने दाबावर चालणारा बिनवातीचा स्टोव्ह बनविला. हाच पुढे मराठी घरांतला ‘प्रायमस’. त्याला काटक्या सारायच्या नव्हत्या, राख ओढायची नव्हती. जाळ प्रथमच जमिनीपासून सुटला.

९/ रेल्वेमुळे दगडही दूरवर जाऊ लागला. गुलबर्ग्याकडील शहाबादची फरशी आणि आंध्रातील कडप्प्याचा काळा दगड ही दोन गावांची नावे मराठीत पदार्थवाचक झाली : ‘शहाबादी’ आणि ‘कडप्पा’. शहाबादी फरशी आली, तशी जमीन सारवायची गरज संपली. कडप्पा आला, तसा दोन आडव्या-उभ्या भिंतींवर एक लांब, धुता येण्याजोगा फळा बसविणे शक्य झाले. ओटा तो हाच. ‘ओटा’ हा शब्द मात्र जुना. पूर्वी तो घरापुढे असे आणि त्यावर पुरुषमंडळी बसत. विसाव्या शतकात तो मागे सरकला आणि त्यापुढे स्त्री उभी राहिली.

१०/ नव्या ओट्याला रोख पैसा लागतो. गोदावरी कालव्यांना पाणी पुरविणारे दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले. कालव्यांमागून ऊस आला आणि उसामागून कारखाने. पुणतांब्याजवळ चांगदेवनगर येथे चांगदेव शुगर मिल्स हा खासगी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ साली झाला. उसाच्या पैशाबरोबर सिमेंट, विटा आणि स्लॅब खेड्यात आले. ज्यांच्या शेताला पाणी होते, त्यांच्या घरी ओटा आधी आला. कोरडवाहू शेतकरी आणि ऊसतोडणी मजूर यांच्या घरी तीन दगडांची चूल पुढेही दीर्घकाळ राहिली.

११/ गॅसची कथा मुंबईतून सुरू होते. नळावाटे येणारा कोळशाचा वायू १८६० च्या दशकात तेथील रस्त्यांचे दिवे पेटवू लागला आणि कालांतराने काही घरांत पोहोचला. टाकीतला गॅस १९५० च्या दशकाच्या मध्यात बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने मुंबईत आणला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कोलकात्यात दिली गेली. दरम्यान, १९५९ च्या सुमारास भारतीय बनावटीचे प्रेशर कुकर बाजारात आले. टाकी जमिनीवर, शेगडी तिच्याहून वर, आणि दोहोंना जोडणारी नळी. या मांडणीने ओट्याची उंची जवळजवळ ठरवून टाकली. टाकी खाली उभी राहील एवढी जागा हवी, म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन फूट.

१२/ बसून होणारा स्वयंपाक असा उभ्याने होऊ लागला. या एका बदलामागून किती गोष्टी बदलल्या पाहा. पाटा-वरवंट्याची जागा मिक्सरने घेतली, कारण तो ओट्यावर मावतो. विळी मागे पडली आणि सुरी आली, कारण विळीला बैठक लागते. पाट गेले, टेबल आले. मोरी कोपऱ्यातून उठून सिंक झाली. बुडाला काजळी धरत नाही, म्हणून स्टीलची भांडी मांडणीवर दिसू लागली. पायात चप्पल घालून स्वयंपाक करणारी स्त्री दिसू लागली, तेव्हा कोणत्याही सुधारकाच्या भाषणाविना सोवळ्याचा एक मोठा नियम निकालात निघाला.

१३/ या इतिहासाला एक काळी किनार आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द वृत्तपत्रांत वारंवार येत. त्यांतले काही खरोखर अपघात होते. अनेकांमागे हुंडाबळी दडलेले होते. स्त्रीसंघटनांनी हे ‘अपघात’ मान्य करण्यास नकार दिला, मोर्चे काढले. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ आणि १९८६ साली कलम ३०४ब समाविष्ट झाले. स्वयंपाकघर ही खासगी खोली आहे आणि तेथे घडलेले घरातच राहावे, या समजुतीला कायद्याने दिलेला तो धक्का होता.

१४/ चूल न काढता ती सुधारावी, असाही एक प्रवाह होता. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्यातील मगनवाडीचे नाव ‘मगन चुली’ला मिळाले. १९५३ साली हैदराबादचे एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर पुस्तिका लिहिली. १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, तो २००२ मध्ये संपला. अनेक सरकारी चुली थोड्याच दिवसांत पडून राहिल्या. कुठे नळकांडे तुंबले, कुठे तोंड घरच्या भांड्याला बसेना, कुठे भाकरी नीट भाजेना. पिढ्यान्‌पिढ्या चूल घालणाऱ्या हातांना आराखडा करताना फारसे कोणी विचारले नव्हते.

१५/ ही चूक केवळ भारतीय नाही. १९२६ साली वास्तुविशारद मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी जर्मनीत ‘फ्रँकफर्ट किचन’ रचले. कमीत कमी पावलांत काम व्हावे, असे आखलेले हे छोटे स्वयंपाकघर सुमारे १०,००० घरांत बसविले गेले. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ त्यातच शोधतात. त्या स्वतः स्त्री होत्या. तरीही ते रचण्यापूर्वी आपण कधी घर चालविले नव्हते वा स्वयंपाक केला नव्हता, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. स्वयंपाकघर एवढे अरुंद होते की, तेथे एकावेळी एकच व्यक्ती काम करू शके. सोय झाली, पण काम वाटून घ्यायला जागा उरली नाही.

१६/ आता पुन्हा जुन्या घराकडे येऊ. चूल खाली होती आणि धुराने डोळे चुरचुरत. पण तिची उंची, तोंड, जागा वापरणारीच्या हातात होती. ओट्याने पाठ सरळ केली, धूर घालविला. मात्र त्याची उंची गवंड्याच्या अंदाजाने, फरशीच्या मापाने आणि पैसे देणाऱ्याच्या मताने ठरू लागली. ठेंगण्या बाईला उंच ओटा आणि उंच बाईला ठेंगणा ओटा, हे घरोघरचे दृश्य त्याचेच फळ. माती दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंपता येते. कडप्पा एकदा बसला की वीस-पंचवीस वर्षे हलत नाही.

१७/ आकड्यांवरून चित्र आणखी स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेत देशातील ४९ टक्के कुटुंबे सरपणावर आणि २८.५ टक्के कुटुंबे गॅसवर स्वयंपाक करीत होती. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ५८.६ टक्के झाले. परंतु २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, आणि पुरुष ९७ मिनिटे. त्यातही घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्के होते, तर पुरुषांचे अवघे २६ टक्के. खोली बदलली, इंधन बदलले. ओट्यापुढे उभे कोण, याचे उत्तर फारसे बदलले नाही.

१८/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक व्यावहारिक गोष्ट घेता येते. जुने स्वयंपाकघर पाडले जाते, तेव्हा साधनसामग्रीच नष्ट होते. धुराड्याची जागा, कोनाड्यांची मांडणी, जमिनीत पुरलेले उखळ, तुळईवरच्या काजळीची सीमा : ही सारी साधने आहेत. पाडकामाआधी मापे घेऊन आराखडा काढावा, छायाचित्रे घ्यावीत. आणि घरात ज्या वृद्ध स्त्रीने कधी काळी स्वतःच्या हाताने चूल घातली असेल, तिच्याकडून माती कुठली, मिश्रण कसले, तोंड किती बोटांचे, हे लिहून घ्यावे. हे ज्ञान कोणत्याही दफ्तरात नाही. नवा ओटा बांधणाऱ्या गवंड्याला उंची सांगण्याचा पहिला मानही तिथे रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीचाच असावा.