इलेक्ट्रिक गिटारचा फ्रेटबोर्ड गोलसर का असतो?

गिटारच्या ज्या लांब पट्टीवर बोटांनी तारा दाबतात, तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारमध्ये ही पट्टी मधोमध किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरती असते. हा बाक त्रिज्येत मोजतात. त्रिज्या जितकी कमी, तितका बाक जास्त.

१९५० च्या दशकातल्या फेंडर गिटारची त्रिज्या ७.२५ इंच होती. आजच्या बऱ्याच फेंडरमध्ये ती ९.५ इंच, तर गिब्सन लेस पॉलमध्ये १२ इंच असते.

जास्त बाक कॉर्डसाठी सोयीचा असतो. बार कॉर्डमध्ये एकच बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवावं लागतं आणि बाकदार पट्टीवर ते अनेकांना सोपं जातं. अडचण येते ती बेंड करताना, म्हणजे सूर चढवण्यासाठी तार बाजूला ओढताना. कडेची बारीक तार मधल्या उंचवट्यावर सरकते, पुढच्या एखाद्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच बंद पडतो.

तारा थोड्या उंच केल्या की हे टळतं, पण मग दाबायला जोर लागतो. म्हणून काही गिटारमध्ये कंपाउंड रेडियस असतो: वरच्या टोकाला बाक जास्त आणि बॉडीकडे पट्टी सपाट होत जाते. जॅक्सनच्या अनेक मॉडेलमध्ये ही त्रिज्या १२ पासून १६ इंचांपर्यंत वाढते.

त्यामुळे बेंड करताना सूर तुटला, तर दोष नेहमी बोटांचाच असतो असं नाही. तारांची उंची तपासणं हा पहिला आणि स्वस्त उपाय.