सुहैली : तारू पारखावे कसे?

'म्हादेई' म्हटले की गोवेकराला आधी नदी आठवते आणि मग दिवाडीवर बांधलेले त्याच नावाचे शिडाचे तारू. या तारवाची एक थोरली बहीण मुंबईत जन्मली होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. तिचे नाव 'सुहैली'. अरबी खलाशी आग्नेय वाऱ्याला सुहैली म्हणत.

ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुणाने ती कुलाब्याला बांधून घेतली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. लाकूड सागवानी, हत्यारे म्हणजे वाकस आणि कमानीने फिरवायचे गिरमीट, अन् हात आपल्या सुतारांचे. आराखडा तेवढा विल्यम ॲटकिन या अमेरिकन माणसाचा, १९२० च्या दशकातला. त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या जीवरक्षक नौकांत.

आता असे तारू पारखायचे कसे? आपल्या किनाऱ्याची पारख निराळी. मचवा असो की पत्तेमारी, ती खाडीत शिरली पाहिजे आणि तिच्यात माल मावला पाहिजे. पावसाळा आला की तारवे वर ओढून शाकारायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्र धरायचा. वादळाशी झुंजण्यापेक्षा ते टाळणे हे आपल्या दर्यावर्दींचे शहाणपण. या हिशेबाने सुहैलीला गुण कमीच पडतील. लांबी ३२ फूट, रुंदी ११ फूट आणि तरंगायला साडेपाच फूट पाणी हवे! शिवाय अंगाने जड आणि चालीला मंद.

पण भर समुद्रात लपायला खाडी नसते. तिथे हेच दोष गुण होतात. तळाचा कणा लांबलचक, म्हणून सुकाणू फारसे न धरताही ती आपली दिशा सोडत नाही. मागची बाजू नाळेसारखीच निमुळती, त्यामुळे पाठीमागून येणारी लाट दुभंगून जाते. डोलकाठ्या दोन, म्हणून वारा वाढला की एकेक शीड उतरवूनही तोल राखता येतो.

१९६८ च्या जूनमध्ये हे तारू घेऊन रॉबिन एकटाच न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरला. वाटेत रेडिओ मुका झाला, आपोआप सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडले. फळ्यांच्या फटीतून पाणी शिरू लागले, तेव्हा त्याने बुडी मारून तीत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. ३१२ दिवसांत तीस हजार मैल, म्हणजे दिवसाला शंभराच्याही आत. पण निघालेल्या नऊ जणांत परतला तो एकटाच. नायजेल टेटलीची तीन सांगाड्यांची वेगवान नौका शर्यत संपायला हजारएक मैल उरले असताना फुटली.

पुढचा धागा गोव्यात येतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने सागर परिक्रमा करावी असा ध्यास घेतला. दिलीप दोंदे याच रॉबिनकडे शिकायला गेले. रत्नाकर दांडेकरांनी दिवाडीवर डच आराखड्याची ५६ फुटी म्हादेई उभी केली. २००९-१० मध्ये दोंदे, २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता अभिलाष टॉमी यांनी तिच्यावरून प्रदक्षिणा पुरी केली. तिची धाकटी बहीण तारिणी हिच्यावरून २०१७-१८ मध्ये सहा आणि २०२४-२५ मध्ये दोन महिला अधिकारी जगाला फेरी मारून आल्या.

मग २०१७ मध्ये गोव्यातच सुहैलीची प्रतिकृती 'थुरिया' झाली. २०१८ च्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिला उलटवले, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. म्हणजे जुना आराखडा काही अभेद्य नव्हे. तरी थुरिया पुन्हा सरळ झाली, तरंगत राहिली आणि तीन दिवसांनी मदत पोचेपर्यंत तिने जखमी माणसाला पोटात सांभाळले. तारवाची खरी परीक्षा मला तिथे दिसते.

किनाऱ्यासाठी मी आजही मचवाच निवडीन. पण मुंबई आणि दिवाडीच्या कारागिरांनी पृथ्वीला फेरी मारणारी तारवे घडवली आहेत. आरमाराचा इतिहास सांगताना आपण सेनापतींची नावे घेतो, त्या यादीत वाकस धरणारे हातही आले पाहिजेत.